एका हाताचे क्षितिज

गेल्या वर्षीची गोष्ट. प्रथम वर्षाचा शेवटचा पेपर संपला होता आणि गावाकडची एस. टी. सुटायला अजून दोन तास होते. तेवढा वेळ काढायचा म्हणून मी ग्रंथालयात जाऊन बसले. छायाचित्रणाच्या इतिहासावरचे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक कुणीतरी टेबलावर तसेच टाकून गेले होते. ते उगाच चाळता चाळता एका चित्राशी मी थांबले. ते चित्र दोन्ही पाने व्यापून आडवे पसरले होते. उंचीला जेमतेम चार बोटे, पण रुंदीला जणू संपूच नये असे. नदी, तिच्यावरचे पूल, काठावरची निष्पर्ण झाडे आणि मागे धुक्यात बुडालेले शहर. चित्र एका नजरेत मावत नव्हते. शेतातल्या बांधावरून आपण चालत जावे, तसे ते डावीकडून उजवीकडे हळूहळू पाहत जावे लागत होते. खाली छायाचित्रकाराचे नाव होते योसेफ सुदेक. आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात लिहिले होते, की या गृहस्थाला उजवा हात नव्हता.

त्या ओळीवर मी फार वेळ बसून राहिले. त्याचे कारण सांगितले पाहिजे. मी आठवीत असताना माझ्या वडिलांचा, म्हणजे आबांचा, उजवा हात कडबाकुट्टीत गेला. त्याआधी कासरे, दावी, चऱ्हाटे वळण्यात आबांचा हात धरणारा आमच्या पंचक्रोशीत कुणी नव्हता. आता ते ओट्यावर बसून असतात. गावात त्यांना नावाने हाक मारणारी माणसे कमी झाली आहेत. पाठीमागे काय म्हणतात ते मी इथे लिहीत नाही.

यंदा वार्षिक अंकासाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहा, असे मराठीच्या सरांनी सांगितले, तेव्हा मी सुदेकचेच नाव दिले. शब्दकोश शेजारी घेऊन ते पुस्तक पुन्हा वाचले, आणखी दोन मिळवली आणि लेख लिहून काढला. अपंगत्वावर मात, जिद्द, दुर्दम्य इच्छाशक्ती असे सगळे शब्द त्यात होते. दिवाळीच्या सुटीत तो लेख मी आबांना मोठ्या उत्साहाने वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि मग तीन गोष्टी विचारल्या. हा माणूस खात काय होता? कॅमेऱ्याचे ते ओझे उचलत कोण होते? आणि त्याच्या घरात करणारे-सवरणारे कोण होते? माझ्या लेखात यांपैकी एकाचेही उत्तर नव्हते. तो लेख मी फाडला. मित्रहो, हा दुसरा लेख आहे.

योसेफ सुदेकचा जन्म १७ मार्च १८९६ रोजी कोलीन या गावी झाला. हे गाव बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात आहे. त्या काळी हा प्रदेश ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता. वडील घरे रंगवण्याचे काम करीत. योसेफ अगदी लहान असतानाच ते वारले. पोरगा मोठा झाल्यावर त्याला पुस्तकबांधणी शिकायला प्रागला धाडले. पाने शिवायची, सरस लावायचा, पुठ्ठा चढवायचा असे हे हातांचे काम. दोन्ही हातांचे! तिथल्याच एका सोबत्याने त्याला छायाचित्रणाची गोडी लावली.

१९१५ साली त्याला सैन्यात भरती करण्यात आले आणि इटलीच्या आघाडीवर पाठवण्यात आले. तिथेही त्याच्याजवळ कॅमेरा होता. सोबतच्या शिपायांची आणि रणभूमीच्या परिसराची चित्रे त्याने काढली. १९१७ साली त्याचा उजवा हात जबर जखमी झाला आणि शेवटी खांद्यापासून कापावा लागला. तेव्हा तो ऐन एकविशीत होता. माझ्याहून अवघा दोन वर्षांनी मोठा.

माझ्या पहिल्या लेखात इथे नियतीने घाला घातला असे वाक्य होते. पण नियती वगैरे काही नाही. राजांच्या लढाईत पुस्तके बांधणाऱ्या एका पोराचा हात गेला, इतकेच. पुढची कितीतरी वर्षे या इस्पितळातून त्या इस्पितळात जाण्यात गेली. पुस्तकबांधणी कायमची सुटली.

आता आबांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर. युद्धात अपंग झालेला शिपाई म्हणून सुदेकला सरकारी निवृत्तिवेतन मिळत असे. ते काही फार नव्हते, पण पोटापुरता आधार होता. त्यामुळे मिळेल ते काम धरण्याची सक्ती त्याच्यावर नव्हती. १९२२ ते १९२४ या काळात प्रागच्या शासकीय ग्राफिक कला विद्यालयात कारेल नोव्हाक या शिक्षकांच्या हाताखाली तो छायाचित्रण शिकला. हे उत्तर मी आबांना सांगितले तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. जिद्दीलाही आधी भाकर लागते, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती.

शिकत असतानाच प्रागमधल्या इन्व्हालिडोव्हना नावाच्या युद्धपंगूंच्या वसतिगृहातली चित्रे तो काढू लागला होता. खिडकीतून येणाऱ्या उजेडात बसलेले, धुरात हरवलेले ते जुने शिपाई. त्या चित्रांत कुठेही कीव नाही. तो त्यांच्यातलाच एक होता, म्हणून असेल.

१९२४ साली यारोमीर फुंके व इतर मित्रांबरोबर त्याने चेक छायाचित्र संस्था स्थापन केली. छायाचित्राने चित्रकलेची नक्कल करीत बसू नये, स्वतःच्या पायावर उभे राहावे, असे या तरुणांचे म्हणणे होते. त्याच वर्षापासून तो सेंट व्हायटस या प्रागच्या प्रसिद्ध कॅथेड्रलमध्ये जाऊ लागला. १३४४ साली सुरू झालेले हे मंदिर सहाशे वर्षे होत आली तरी पुरे झाले नव्हते. १९२९ साली ते पूर्ण झाले. बांधकामाच्या त्या अखेरच्या वर्षांत सुदेक तिथे वावरला. उंच उंच खांब आणि त्यांच्या पायथ्याशी पडलेल्या फळ्या, दोर, ढकलगाड्या, वाळूचे ढीग. देवाच्या घरात गवंड्याचे सामान त्याने मानाने बसवले. या चित्रांतली १५ निवडून १९२८ साली संच निघाला. त्याच्या फक्त १२० प्रती होत्या, पण त्याने सुदेकचे नाव झाले.

याच काळातली एक घटना आहे, ती वाचताना मला पुस्तक मिटून ठेवावे लागले. १९२६ साली चेक फिलहार्मोनिक या वाद्यवृंदातले त्याचे मित्र इटलीच्या दौऱ्यावर निघाले आणि त्यालाही बरोबर घेऊन गेले. एका गावी संगीताची मैफल ऐन रंगात असताना सुदेक मधूनच उठला आणि अंधारात चालू लागला. वाट चुकला, पण शोधत राहिला. पहाटे, दवाने भिजलेल्या शेतांमध्ये, त्याला ती जागा सापडली. जखमी झाल्यावर त्याला ज्या शेतकऱ्याच्या घरात आणून ठेवले होते, ते घर तसेच उभे होते. हात मात्र तिथे नव्हता. नऊ वर्षांनी तो कुठून असणार? हे त्यालाही ठाऊक असेलच. तरी तो गेला. इकडे मित्रांनी त्याच्यासाठी शोधाशोध केली. सुमारे दोन महिन्यांनी तो प्रागला परतला आणि त्यानंतर कधीही परदेशी गेला नाही.

अपघातानंतर आबाही कितीतरी दिवस संध्याकाळी त्या कडबाकुट्टीपाशी जाऊन उभे राहत. आई मला त्यांना बोलवायला पाठवी. ते तिथे काय करीत, हे मला तेव्हा कळत नव्हते. सुदेकचे हे चरित्र वाचल्यावर थोडेसे कळले.

प्रागला परतल्यावर १९२७ साली सुदेकने उयेझ्द या रस्त्यालगतच्या एका अंगणातली लाकडी खोपटेवजा इमारत घेतली आणि तिथे आपला स्टुडिओ थाटला. तीस-बत्तीस वर्षे तो तिथेच राहिला. पुस्तकांची मुखपृष्ठे, जाहिराती, माणसांची चित्रे अशी पोटापाण्याची कामे त्याने केली. १९४० साली एका शिल्पाच्या छायाचित्राची जुनी प्रत त्याच्या पाहण्यात आली. ती ३० बाय ४० सेंटिमीटरच्या काचेवरून तेवढ्याच आकारात छापलेली होती. तिच्यातली दगडाची पोत पाहून तो थक्क झाला. तेव्हापासून त्याने लहान निगेटिव्हवरून चित्र मोठे करणे सोडून दिले. मोठाच कॅमेरा वापरायचा आणि निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून तेवढ्याच मापाची प्रत काढायची, हा त्याचा नेम झाला. जग छोट्या, चपळ कॅमेऱ्यांकडे धावत असताना एक हाताचा हा माणूस मुद्दाम जड कॅमेऱ्याकडे वळला!

त्या वेळी प्राग हिटलरच्या फौजांच्या ताब्यात होते. सुदेक आपल्या खिडकीच्या काचेचीच चित्रे काढीत राहिला. काचेवर साचलेले दव, पलीकडचे एक वाकडे झाड, खिडकीत ठेवलेला पाण्याचा पेला. १९४० ते १९५४ अशी चौदा वर्षे त्याने ही एकच खिडकी पाहिली.

आणि मग या खिडकीतून तो एकदम क्षितिजाकडे वळला. मी ग्रंथालयात पाहिलेले चित्र या पुढच्या काळातले.

विस्तीर्ण दृश्य कागदावर आणण्याची हौस छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. फेलिचे बिआतो या छायाचित्रकाराने १८५८ साली आपल्या लखनौची अशी लांबलचक चित्रे काढली होती. एडवर्ड मायब्रिजने १८७८ साली सॅन फ्रान्सिस्को शहराचे चहूबाजूंचे दृश्य १३ काचांवर टिपले. जोडल्यावर ते सुमारे १७ फूट लांब झाले. पण ही सगळी तुकडे शेजारी शेजारी लावून केलेली चित्रे. सुदेकच्या हाती आलेली वस्तू वेगळी होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा तो कोडॅकचा पॅनोरामा कॅमेरा होता. त्यात फिल्म सपाट न बसवता अर्धगोल वाकवून बसवतात. भिंग एका जागी स्थिर राहत नाही. कळ दाबली की स्प्रिंगच्या जोरावर ते एका बाजूकडून दुसरीकडे फिरते आणि जाता जाता फिल्मवर दृश्य उमटवत नेते. निगेटिव्ह १० सेंटिमीटर उंच आणि ३० सेंटिमीटर रुंद. सुदेकच्या हाती आला तेव्हा हा कॅमेरा जुना झाला होता. असल्या यंत्राकडे कुणी गंभीरपणे पाहत नसे.

या कॅमेऱ्याच्या खोडीही पुष्कळ. तो जराही कलला तर क्षितिज केळ्यासारखे वाकते. समोरचा सरळ रस्ता धनुष्यासारखा बाकदार येतो. भिंग फिरत असताना कुणी त्याच्याच दिशेने चालत गेले तर तो माणूस ताणला जातो, उलट दिशेने गेले तर आक्रसतो. सुदेकने या खोडी लपवल्या नाहीत. त्यांच्याशी जुळवून घेतले. नदीचा बाक, पुलांची कमान, काठाकाठाने वळणारी वाट अशा जागा त्याने निवडल्या, की जिथे कॅमेऱ्याचा बाक हा त्या जागेचाच बाक वाटावा. कुठे अगदी जवळचे झाड एका टोकाला घेऊन त्याने चित्राला दारासारखी चौकट दिली. माणसे त्याच्या चित्रांत फारशी नसतात.

वर्षानुवर्षे तो प्रागमध्ये असा हिंडला. नुसते किल्ले आणि मनोरे नव्हेत. व्लतावा नदीचे काठ, बागा, बर्फाने झाकलेली छपरे, आणि शहर जिथे संपत संपत शेतात मिसळते त्या ओसाड कडाही त्याने टिपल्या. यातली २८४ चित्रे १९५९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. ग्रंथाचे नाव प्राहा पानोरामातित्स्का, म्हणजे विस्तीर्ण दृश्यांतले प्राग. आपण शहर पाहतो ते समोर जेवढे दिसते तेवढेच. डोळ्याच्या कोपऱ्यात जे असते ते आपण सोडून देतो. सुदेकच्या चित्रात कोपऱ्यातली पडकी भिंत आणि मधला राजवाडा यांना सारखाच मान आहे. चार बोटे उंचीच्या कागदात एवढी समता मी दुसरीकडे पाहिली नाही.

याच कॅमेऱ्याने १९५७ ते १९६२ या काळात त्याने उत्तर बोहेमियातल्या मोस्त भागाची चित्रे काढली. तिथे तपकिरी कोळशासाठी जमीन खणून काढली जात होती. उखडलेली माती, वठलेली झाडे, चिमण्यांचा धूर. कोळशासाठी पुढे मोस्त हे जुने गावच पाडण्यात आले. तिथले प्राचीन चर्च १९७५ साली रुळांवरून ८४१ मीटर सरकवून वाचवले. ही चित्रे दुःखी भूमी या अर्थाच्या नावाने पुस्तकरूपात आली ती सुदेकच्या मृत्यूनंतर. तिथे मला पॅनोरामाचा खरा अर्थ उमगला. हानी जेव्हा या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेली असते, तेव्हा तिला चौकोनी चित्र पुरत नाही.

आता आबांचा दुसरा प्रश्न. ओझे कोण उचलत होते? पुष्कळदा सुदेक स्वतःच. खांद्यावर तिपाई, पाठीवर पिशवी आणि रिकाम्या बाहीचा जुनाट कोट अशी त्याची किंचित वाकलेली आकृती प्रागच्या लोकांच्या ओळखीची होती. कॅमेरा तो गुडघ्यांत धरी, प्रसंगी दातांची मदत घेई. पण त्याच्याबरोबर मदतनीसही असत. त्यातली एक सोन्या बुलाती. महायुद्धात नाझींच्या छळछावण्यांतून ही मुलगी जिवंत परतली आणि सुदेककडे काम करू लागली. पुढे अमेरिकेत ती स्वतः नामवंत छायाचित्रकार झाली आणि गुरूवर तिने पुस्तक लिहिले. तिने सांगितलेली एक आठवण अशी. कॅथेड्रलच्या खाली एका जुन्या अंधाऱ्या दालनात दोघे कॅमेरा लावून वाट पाहत बसले होते. अचानक उन्हाची एक तिरीप आत आली. त्याबरोबर सुदेक ताडकन उठला आणि दोघांनी फडकी हलवून धूळ उडवायला सुरुवात केली. कशासाठी? तर धूळ असल्याशिवाय उजेड दिसत नाही म्हणून. या चित्राखाली नाव एकाचे असेल, पण धूळ दोघांनी उडवली.

आणि तिसरा प्रश्न. घरात कोण होते? सुदेकची बहीण बोझेना. तिनेही छायाचित्रणाचे शिक्षण घेतले होते. त्या लाकडी स्टुडिओत ती भावाबरोबर राहिली आणि जन्मभर त्याला घरात व कामात मदत करीत आली. सुदेक अविवाहित होता. मंगळवारी संध्याकाळी त्याच्याकडे मित्र जमत, ध्वनिमुद्रिकांवरचे संगीत ऐकत. यानाचेक या चेक संगीतकारावर त्याची भक्ती होती. या संगीतसंध्यांचे वर्णन पुस्तकापुस्तकांत आहे. बोझेनाबद्दल मात्र एखादे वाक्य सापडते. माझ्या पहिल्या लेखात तर तिचे नावही नव्हते. आणि हे आबांच्याच लक्षात यावे! सकाळी सदऱ्याच्या गुंड्या लावून देण्यापासून भाकरी कुस्करून देण्यापर्यंत आई त्यांचा उजवा हात झाली आहे, आणि तिच्यावर कुणी काही लिहिणार नाही, हे त्यांना माहीत आहे.

१९५९ साली सुदेक प्रागच्या किल्ल्याजवळच्या उवोझ या रस्त्यावर राहायला गेला. १९६१ साली त्याला सरकारने कलावंत म्हणून सन्मानित केले; छायाचित्रकाराला हा मान त्याच्या देशात प्रथमच मिळाला. १५ सप्टेंबर १९७६ रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, प्रागमध्येच त्याचे निधन झाले. उयेझ्दचा तो लाकडी स्टुडिओ पुढे आगीत जळाला, पण त्याच जागी तो पुन्हा तसाच बांधण्यात आला आहे.

सुदेकची थोरवी मी कमी करते आहे असे कुणाला वाटेल. तसे मुळीच नाही. पेन्शन पुष्कळांना मिळाली, बहिणी पुष्कळांना होत्या. पण चौदा वर्षे एक खिडकी आणि पुढे वर्षानुवर्षे एक शहर पाहत राहण्याची चिकाटी त्याचीच. मला म्हणायचे आहे ते एवढेच, की चरित्र लिहिताना आपण जवळून एकट्या माणसाचे चित्र काढतो. त्याच्या दोन्ही बाजूंची माणसे चौकटीबाहेर राहतात. मग एखादा हात गमावलेला माणूस ते वाचतो आणि त्याला वाटते, आपल्यातच जिद्द नाही. पॅनोरामा काढणाऱ्या माणसाचे चरित्र तरी असे अरुंद लिहू नये.

सुटीच्या शेवटच्या दिवशी मी चुलतभावाचा मोबाइल मागून घेतला आणि आबांना घेऊन गावामागच्या टेकडीवर गेले. मोबाइलमध्येही आता असे लांब चित्र काढता येते. फक्त भिंगाऐवजी आपण हळूहळू फिरायचे. तो मी आबांच्या डाव्या हातात दिला. पहिल्या दोन वेळा क्षितिज तुटले. तिसऱ्या वेळी मी त्यांच्या कोपराला खालून आधार दिला आणि दोघेही सावकाश फिरलो. ओढा, देऊळ, आमचे घर, पलीकडची माळवाट असे सगळे आले. आबांनी ते बराच वेळ पाहिले. छान आले की वाईट, ते काही बोलले नाहीत. खाली उतरताना त्यांनी एवढेच विचारले, की त्या बोझेनाचे नाव आता लेखात घातले आहे ना.

घातले आहे, आबा.